जोरात पिकअप घेताना स्टिअरिंग एका बाजूला का ओढतं?

प्रश्न असा आहे: गाडी १.५ लिटर टर्बो पेट्रोल, पुढच्या चाकांना ताकद जाणारी, टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) सुमारे २५० न्यूटन-मीटर, रनिंग ४५ हजार किलोमीटर. टोलनाक्यावरून निघून दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी उजवीकडे ओढते, पाय उचलला की सरळ होते. नवी असताना असं जाणवत नव्हतं. दोनदा व्हील अलाइनमेंट केलं, फरक पडला नाही. हा गाडीचा स्वभाव आहे की बिघाड?

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे ‘नवी असताना जाणवत नव्हतं’. ताकदीमुळे स्टिअरिंगला बसणारी ही ओढ, म्हणजे टॉर्क स्टिअर, थोड्या प्रमाणात प्रत्येक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीच्या रचनेतच असते. पण रचनेतली ओढ पहिल्या दिवशी जेवढी असते तेवढीच पुढेही राहते. ती वाढली याचा अर्थ काहीतरी झिजलं, सैल झालं किंवा बदललं गेलं. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते, तिच्या चाकांवर इंजिनाचा जोर नसतो, त्यामुळे जोर आल्यावरच हलणारा भाग त्या मशीनला दिसत नाही. म्हणून तिसऱ्यांदा अलाइनमेंटला पैसे घालू नका.

आधी ओढ कुठून येते ते नीट समजून घेऊ, कारण शोधायचं काय हे त्यावरच ठरतं.

इंजिन आडवं बसवून त्याच्या टोकाला गिअरबॉक्स जोडायची पद्धत १९६४च्या ऑटोबियांची प्रिम्युलात आली आणि १९६९च्या फियाट १२८ने ती जगभर रुळवली. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांची ही मांडणी आज जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीत आहे. तिच्यात डिफरन्शियल, म्हणजे जोर दोन चाकांत वाटणारा गिअरसंच, गाडीच्या मध्यावर येत नाही, एका बाजूला सरकतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स डावीकडे असतो, म्हणून चाकापर्यंत जोर नेणारा दांडा, म्हणजे एक्सल, डावा आखूड आणि उजवा लांब. १९८३च्या मारुती ८००मध्येही पुढचीच चाकं ओढायची, पण तिचा टॉर्क जेमतेम ६० न्यूटन-मीटर. एवढ्यात कुणाला काही जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. आता त्याच प्रकारच्या मांडणीतून चौपट जोर जातो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: आखूड एक्सलवर टॉर्क जास्त जातो आणि लांब एक्सलवर कमी, म्हणून गाडी वळते. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच टॉर्क देतं, एक्सलची लांबी कितीही असो. लांब एक्सल थोडा जास्त पिळला जातो हे खरं, पण त्याचा परिणाम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याच्या पहिल्या क्षणापुरता. सतत राहणारी ओढ येते ती एक्सलच्या कोनातून.

गाडीने जोर घेतला की नाक वर उचललं जातं आणि एक्सल डिफरन्शियलपासून चाकाकडे उतरते होतात. समजा, हा उतार दोन्हीकडे सारखाच आहे, ५५ मिलिमीटरच्या आसपास. आखूड एक्सलची दोन जॉइंटमधली लांबी ३५० मिलिमीटर असेल तर त्याचा कोन होतो साधारण ९ अंश. लांब एक्सल ६०० मिलिमीटरचा असेल तर कोन फक्त ५ अंश. सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या टोकाचा वाकून फिरणारा सांधा, कोनात असताना टॉर्क पुढे पाठवतो, तेव्हा त्याचा एक छोटा हिस्सा चाकाला फिरवण्याऐवजी चाक आत वळवण्याकडे जातो. हा हिस्सा म्हणजे टॉर्क गुणिले कोनाच्या निम्म्याची टॅन्जंट. दुसऱ्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर सुमारे ८ धरलं तर २५०चे २००० न्यूटन-मीटर होतात, म्हणजे प्रत्येक चाकाला १०००. डावं चाक ७९ न्यूटन-मीटरने उजवीकडे वळू पाहतं, उजवं ४४ न्यूटन-मीटरने डावीकडे. उरतात ३५ न्यूटन-मीटर, उजवीकडे. स्टिअरिंगचं गुणोत्तर १५ असेल तर पॉवर स्टिअरिंगच्या मदतीशिवाय हातांना सव्वादोन न्यूटन-मीटरहून थोडं जास्त जाणवेल. म्हणजे स्टिअरिंगच्या कडेला कुणी सव्वा किलोने ओढल्यासारखं. पॉवर स्टिअरिंग यातलं बरंचसं झाकतं, सगळं नाही.

म्हणून सर्वसाधारण नियम असा, की गाडी लांब एक्सलच्या बाजूला ओढते. तुमची उजवीकडे ओढते हे त्या नियमाला धरूनच आहे. होंडाच्या जुन्या बी आणि डी मालिकेच्या इंजिनांत गिअरबॉक्स उजवीकडे असे, तिथे हे चित्र उलटं होतं.

दुसरं कारण चाकाच्या भूमितीत आहे. स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष चाकाच्या केंद्रातून जात नाही. नेहमीच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये (ज्यात चाक एका उभ्या खांबाला जोडलेलं असतं) तो केंद्रापासून साधारण ५० ते ७० मिलिमीटर आतून जातो. एक्सलने चाक ओढलं की जोर चाकाच्या केंद्रातून लागतो, म्हणून हे अंतर तरफेसारखं काम करतं. दाराची मूठ बिजागरीपासून जितकी लांब तितकं दार हलक्या हाताने फिरतं, तसंच. वरच्या उदाहरणात चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर धरली तर प्रत्येक चाकावर ३२०० न्यूटन जोर येतो आणि ६० मिलिमीटरच्या तरफेवर तो १९२ न्यूटन-मीटर होतो. डावं-उजवं एकमेकांविरुद्ध असल्याने ते एकमेकांना खोडतात. पण एका बाजूची तरफ नुसती ५ मिलिमीटरने बदलली तरी १६ न्यूटन-मीटरचा फरक उरतो. वाकलेला नकल (चाक पेलणारा भाग), चुकीचा व्हील स्पेसर (चाकामागे घातलेली चकती), सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) एका बाजूला सरकलेली, ही सगळी कारणं इथे येऊन मिळतात. ब्रेकच्या वेळी मात्र जमिनीपाशी मोजलेलं अंतर महत्त्वाचं असतं, केंद्रापाशी मोजलेलं नाही. त्यामुळे ब्रेकवर गाडी अगदी सरळ थांबते एवढ्यावरून पुढची भूमिती ठीक आहे असं ठरवता येत नाही.

आता तपासणी. सुरुवात थंड टायरच्या हवेपासून, दोन्ही पुढच्या टायरांत एकसारखी, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. मग सपाट, सरळ, रिकामा रस्ता निवडा. दुसऱ्या गिअरमध्ये ३० किलोमीटर वेगापासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ६०पर्यंत जा. हात स्टिअरिंगवर हलके, पण दोन्ही. हेच तिसऱ्या गिअरमध्ये त्याच आरपीएमपासून करा. चाकांवरचा जोर तिसऱ्यात साधारण दोन तृतीयांश होतो, म्हणून खरा टॉर्क स्टिअर असेल तर ओढही त्याच मानाने उतरली पाहिजे. उतरली नाही, तर कारण वेगळं आहे. त्यानंतर ६०च्या वेगात न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पाहा. तेव्हाही ओढत असेल तर दोष टायर किंवा अलाइनमेंटचा. मग हे सगळं त्याच रस्त्यावर उलट दिशेने पुन्हा करा. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मधून उंच आणि कडेला उतरते असतात, डाव्या लेनमधली गाडी मुळातच थोडी डावीकडे जाते. ही पायरी टाळली तर बाकीची निरीक्षणं फसवतात.

पहिल्या गिअरवर ही चाचणी करू नका. तिथे चाकांवरचा जोर टायरच्या पकडीपेक्षा जास्त होतो, कधी हे चाक सुटतं, कधी ते, आणि ट्रॅक्शन कंट्रोल सुटणाऱ्या चाकाला ब्रेक लावत राहतं. स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे झटके देतं. ती वेगळी गोष्ट आहे. तिथे उपाय म्हणजे चांगले टायर आणि हळुवार पाय.

सगळ्यात जास्त सांगणारी चाचणी म्हणजे पाय अचानक उचलण्याची. जोर घेताना गाडी उजवीकडे गेली आणि पाय उचलताच सरळ न होता झटक्याने डावीकडे गेली, तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला सबफ्रेमशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, मागचा रबरी बुश जवळजवळ नक्की गेलेला आहे. हा बुश चाकाला पुढे-मागे धरून ठेवतो. जोर आला की चाक पुढे पळतं, पाय उचलला की मागे येतं, आणि त्या हालचालीत टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा, चाकाची दिशा बदलतो. एकाच बाजूचा बुश फाटला असेल तर गाडी वळते, दोन्ही बाजूंचे सारखे फाटले असतील तर नुसती सैल वाटते. खड्डे आणि स्पीडब्रेकर यांमुळे आपल्याकडे हा बुश ४०-५० हजार किलोमीटरला दगावणं अजिबात विशेष नाही, तुमच्या गाडीचं रनिंगही तेवढंच आहे. माझा पहिला संशय इथेच आहे.

तो तपासायचा तर गाडी लिफ्टवर लटकवून नुसतं बघणं पुरेसं नाही. चाकं हवेत असताना फाटलेला रबर मिटून बसतो. गाडी जमिनीवर किंवा चाकांखाली आधार असलेल्या रॅम्पवर हवी. एकाने ब्रेक घट्ट दाबून पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकत किंचित जोर द्यायचा, दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहून चाक मडगार्डच्या आत किती पुढे-मागे होतं ते पाहायचं. गाडीच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही. दोन-तीन मिलिमीटरची हालचाल चालते. डाव्या-उजव्यात ठळक फरक दिसला तर तो आर्म काढायचा. नंतर पहार घालून आर्म आणि सबफ्रेममध्ये उचका देऊन पाहता येतं. रबरावर वरवरच्या बारीक चिरा असतील तर घाबरू नका. आतली लोखंडी नळी रबरापासून सुटलेली असेल किंवा द्रव भरलेल्या बुशमधून काळा ओघळ आलेला असेल, तर तो बुश संपला.

बुश बदलताना गॅरेजमध्ये एक चूक सर्रास होते. आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच शेवटपर्यंत आवळले जातात. मग गाडी खाली आल्यावर रबर कायमचा पिळलेला राहतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा फाटतो. बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं, दोन-चारदा नाक दाबून सस्पेन्शन स्थिरावू द्यायचं आणि मगच टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळायचे. जिथे टॉर्कनंतर ठरावीक अंश फिरवायला सांगितलं असेल, तिथे बोल्ट नवेच वापरायचे. मेकॅनिकला हे काम सुरू करण्यापूर्वीच सांगा. या कामानंतर अलाइनमेंट आवश्यक आहे, आणि त्या वेळी दिलेले पैसे वाया जात नाहीत.

दुसरा संशय इंजिन माउंटिंगवर, ज्याला बरेच मेकॅनिक फाउंडेशन म्हणतात. खाली डंबेलच्या आकाराचा टॉर्क रॉड असतो, तो इंजिनाचं पुढे-मागे झुलणं रोखतो. तो सैल झाला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच इंजिन झोका घेतं, एक्सलचे कोन एका झटक्यात बदलतात आणि ओढ धक्क्यासारखी येते. सोबत बहुधा ‘धप्’ असा आवाजही. बाजूचं माउंटिंग बसलं असेल तर चित्र वेगळं दिसतं: इंजिन-गिअरबॉक्सचा अख्खा जोड एका बाजूला कलतो आणि डाव्या-उजव्या एक्सलच्या कोनांतला फरक कायमचा वाढतो. बॉनेट उघडून, वरच्याच पद्धतीने ब्रेक धरून गिअर टाकले की इंजिन किती उचलतं ते डोळ्यांनी दिसतं. एका बाजूने इंचभर उसळत असेल तर माउंटिंग बदलायला हवं. एकच बदललं तर नव्याचा ताठपणा जुन्यांना लवकर संपवतो, म्हणून तिन्ही तपासून निर्णय घ्या.

मग येतात मालकाने स्वतः केलेले बदल. खाली घासू नये म्हणून पुढच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायची पद्धत आपल्याकडे फार आहे. वरच्या उदाहरणात नाक २० मिलिमीटर उचललं तर आखूड एक्सलचा कोन ९वरून १२ अंशांवर जातो, लांबाचा ५वरून ७ अंशांच्या आसपास. निव्वळ ओढ ३५वरून जवळजवळ ४४ न्यूटन-मीटर होते, म्हणजे सुमारे एक चतुर्थांशाने वाढते. शिवाय सीव्ही जॉइंट आणि त्याचं बूट कायम जास्त कोनात राबतं. ते बफर काढून टाका, असाच माझा सल्ला आहे. स्प्रिंग खरंच बसलेल्या असतील तर नव्या स्प्रिंग घालाव्यात, आणि जोडीनेच.

अलॉय व्हीलचंही असंच. व्हीलच्या आतल्या बाजूला ‘ईटी’ म्हणून एक आकडा कोरलेला असतो. मूळ ४५ ईटीऐवजी ३५ ईटीचं व्हील लावलं की चाकाचं केंद्र १० मिलिमीटर बाहेर जातं, म्हणजे ५५ मिलिमीटरची तरफ ६५ होते. दिसायला चाक मडगार्डच्या कडेला छान भरतं, पण रस्त्यावरचा प्रत्येक फरक स्टिअरिंगला १८ टक्के जास्त ताकदीने पोचतो. रुंद टायर घातले असतील तर अवजड ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी आपणहून भटकते. लोक त्यालाही टॉर्क स्टिअर म्हणतात, पण ती अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही जाणवते.

टायर तपासायला सोपे आहेत: पुढच्या दोन्ही चाकांची डावी-उजवी अदलाबदल करा. ओढ दिशा बदलून आली तर दोष टायरच्या बांधणीत आहे. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले टायर असे बदलता येत नाहीत, ते त्याच बाजूला पुढचे मागे करून पाहावे. पुढच्या एका चाकाला नवा आणि दुसऱ्याला अर्धा झिजलेला टायर, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर, ही जोडी पुढे कधीच ठेवू नये.

गिअरबॉक्स उतरवून क्लचचं काम झालं असेल आणि ओढ त्यानंतरच सुरू झाली असेल, तर सबफ्रेम बघा. ती सैल करून पुन्हा बसवताना काही मिलिमीटर सरकते, कारण बोल्टांची भोकं मोठी असतात. काही गाड्यांत ती मध्यावर आणायला मार्गदर्शक पिना वापरतात. जुन्या वॉशरची खूण धातूवर उमटलेली असेल तर तीही उपयोगी पडते.

सीव्ही जॉइंटवर मात्र उगाच खर्च करू नका. बाहेरचा जॉइंट गेला की पूर्ण वळवताना ‘कट्-कट्’ आवाज येतो, आतला गेला की जोर घेताना गाडी थरथरते. नुसती ओढ ही त्याची खूण नाही.

तुमच्या गाडीत उजवीकडे मधला शाफ्ट आहे का, हेही बघून घ्या. इंजिनाच्या मागे ब्रॅकेटमध्ये बेअरिंगवर बसवलेला एक सरळ तुकडा असतो आणि त्यापुढचा एक्सल डाव्याइतकाच आखूड. या युक्तीने दोन्ही कोन सारखे होतात आणि रचनेतली ओढ जवळजवळ मिटते. अशी गाडी स्पष्टपणे ओढत असेल तर ‘हा गाडीचा स्वभाव आहे’ हे उत्तर मान्य करू नका.

याहून जास्त ताकदीच्या गाड्यांत कंपन्यांनी मूळ तरफच कमी केली. रेनॉच्या मेगान आरएसमध्ये, २००९च्या ३०५ पीएसच्या फोर्ड फोकस आरएसमध्ये आणि २०१७च्या होंडा सिव्हिक टाइप-आरमध्ये स्टिअरिंगचा अक्ष सस्पेन्शनच्या खांबापासून वेगळा काढून चाकाच्या केंद्राजवळ नेला आहे. माझदाने माझदास्पीड ३मध्ये खालच्या गिअरांत टर्बोचा दाबच आवरता ठेवला. हा दुसरा मार्ग तुमच्या कामाचा आहे. गाडीला रीमॅप (इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवणं) केलेला असेल किंवा करायचा विचार असेल, तर ट्यूनरकडून गिअरवार टॉर्कची मर्यादा लिहून घ्या: पहिल्या-दुसऱ्यात मूळ कंपनीइतकाच टॉर्क, वाढ तिसऱ्यापासून. टॉर्क किती चढतो याइतकंच तो किती झपाट्याने चढतो हेही महत्त्वाचं आहे. ज्या रीमॅपमध्ये २००० आरपीएमला एकदम भिंतीसारखा जोर येतो, तो पुढच्या चाकांच्या गाडीवर चालवायला दमवणारा असतो.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (घसरणाऱ्या चाकाऐवजी पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर देणारं) बसवून ओढ जाईल असं कुणी सांगत असेल तर थांबा. ते दोन्ही चाकांना मुद्दाम वेगवेगळा टॉर्क देतं आणि ६० मिलिमीटरच्या तरफेवर तो फरक सरळ हातात येतो. पकड वाढते, घाटातल्या वळणातून गाडी छान ओढून निघते, पण स्टिअरिंग जास्त झगडतं. भारतात २०२०मध्ये आलेल्या ऑक्टाव्हिया आरएस २४५मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं डिफरन्शियल लॉक होतं. तिथे कंपनीने ते सस्पेन्शन आणि स्टिअरिंगसोबत जुळवून घेतलेलं असतं. बाजारातून आणून घातलेल्या डिफरन्शियलला ती जोड मिळत नाही. ज्यांना ट्रॅकवर जायचं आहे त्यांनी घालावं. रोजच्या गाडीला तो खर्च नको.

तोवर गाडी चालवताना एक गोष्ट पाळा. आपण डावीकडून चालतो, आणि या गाड्यांची ओढ बहुधा उजवीकडे. दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना ती नेमकी समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिशेने जाते. म्हणून लेन बदलून स्टिअरिंग सरळ झाल्यावरच पूर्ण जोर द्या, पाय एका सेकंदात टप्प्याटप्प्याने खाली न्या, आणि शक्य असेल तिथे दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये ओव्हरटेक करा. एक हात गिअरवर ठेवायची सवय असेल तर निदान त्या वेळी तो स्टिअरिंगवर आणा.

ओढ हळूहळू वाढत गेली असेल तर वरची तपासणी सवडीने करता येते. पण ती एखाद्या दिवशी अचानक आली असेल, सोबत पुढून ‘खट्’ असा आवाज असेल किंवा सरळ चालताना स्टिअरिंगचा मध्य बदललेला असेल, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड किंवा सबफ्रेमचा बोल्ट सुटत आला असण्याची शक्यता आहे. बॉल जॉइंट निसटला की चाक मडगार्डमध्ये आडवं होतं. अशी गाडी हायवेवर नेऊ नका. चालवत गॅरेजपर्यंतही नको, फ्लॅटबेडवर चढवून न्या.